थंडाव्याचंही नळकनेक्शन? वाचकांचे प्रश्न

डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणजे एका जागी मोठा प्लँट. तिथून पाच-सहा अंशांचं गार पाणी जमिनीखालच्या पाइपातून इमारतींकडे जातं आणि तिथली उष्णता घेऊन परत येतं. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत हे चालू आहे. त्यावरून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची पंधरा फ्लॅटची सोसायटी आहे. स्प्लिट एसी काढून गल्लीचा एकच प्लँट करता येईल का?

करता येईल, पण करू नका. घरचा एसी चालतो मार्च ते मे, तोही रात्री काही तास. पाइपात घातलेले पैसे मात्र वर्षभर अडकून पडतात. शिवाय स्प्लिटच्या आतल्या युनिटला गार पाणी चालत नाही, घरोघरी फॅन कॉइल, म्हणजे गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवणारं युनिट, बसवावी लागेल. त्यापेक्षा एसी बदलायची वेळ येईल तेव्हा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घ्या आणि गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या.

मग कोल्हापुरात ही योजना कुठे बसते?

माझ्या मते शेंडा पार्कात. मेडिकल कॉलेज तिथे आहे, हायकोर्टाच्या सर्किट बेंचच्या संकुलासाठीही तिथलीच जागा ठरली आहे. दवाखान्याला रात्रंदिवस थंडावा लागतो, कोर्ट संध्याकाळी रिकामं होतं, हॉस्टेलची गरज त्यानंतर सुरू होते. समजा या तिघांची कमाल गरज ६००, ४०० आणि ३०० टन (एसीच्या क्षमतेचं तेच माप) आहे. प्रत्येकाने आपापला चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेतला तर १,३०० टनांची यंत्रं बसणार, वर प्रत्येकाचा एक राखीव चिलर वेगळा. सामायिक प्लँटमध्ये तिन्ही कमाल वेळा एकत्र येत नसल्याने हजार-अकराशेवर भागू शकतं आणि राखीव चिलर सगळ्यांत मिळून एक पुरतो. दूध संघाच्या चिलिंग सेंटरवर आइस बँक असते, तसं रात्री गार पाणी टाकीत साठवून दुपारी वापरलं तर यंत्रं आणखी लहान चालतात.

अट एकच. पाइप रस्त्याच्या आधी पडले पाहिजेत. डांबर वाळायच्या आत रस्ता पुन्हा उकरायची आपल्या गावाची हौस इथे फार महागात जाईल.

पॅरिसमध्ये सीन नदीचं पाणी वापरतात. आपल्याकडे रंकाळा आहे, पंचगंगा आहे. त्यांचं का नाही?

पॅरिसची नदी हिवाळ्यात इतकी गार असते, की चिलर जवळजवळ लागत नाही. टोरांटोत २००४पासून ऑन्टारिओ सरोवराच्या ८३ मीटर खोलीवरून चार अंशांचं पाणी उपसतात. रंकाळ्याला ती खोलीही नाही आणि ती थंडीही नाही. त्याचं पाणी फार तर चिलरची उष्णता टाकायला उपयोगी पडेल. पण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. सांडपाणी आणि जलपर्णीने आधीच बेजार झालेल्या तलावावर हा भार नको.

राहिले कूलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता हवेत सोडणारे मनोरे. एका टनामागे ताशी सुमारे सहा लिटर पाणी वाफ होऊन उडतं. हजार टन दहा तास चालवले की साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे सहा टँकर. टॉवरमधलं क्षारांचं पाणी सोडून द्यावं लागतं ते निराळं. एवढं पिण्याचं पाणी थेट पाइपलाइनमधून घेणं मला पटत नाही. संकुलाचंच सांडपाणी शुद्ध करून, गाळून, मृदू करून वापरावं. न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून औषधाचा डोस मात्र कधीच चुकवायचा नाही, दवाखान्याशेजारी तर नाहीच.

साखर कारखान्यांच्या वाफेवर थंडावा तयार होतो ना? कसबा बावड्यात तर कारखाना शहरातच आहे.

होतो. अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर वाफेवर चालतो. पण गळीत हंगाम हिवाळ्याचा, आणि आपल्याला थंडावा हवा एप्रिल-मेमध्ये, बॉयलर थंड झाल्यावर.

शाहूपुरीत आमचं हॉटेल आहे. उद्या असं कनेक्शन मिळालंच तर काय बघावं?

बिल बहुधा दोन भागांत येतं: राखून ठेवलेल्या टनांचा स्थिर आकार आणि मीटरवरचा वापर. टन वाढवून सांगू नका, न वापरताही पैसे भरत बसाल.

दुसरं, परतीचं पाणी. पाच अंशांनी आलेलं पाणी तेरा अंशांवर परत गेलं, तर एका टनाला मिनिटाला साधारण सहा लिटर लागतं. फिल्टर तुंबले किंवा बायपास व्हॉल्व्ह उघडा राहिला, की ते नऊ अंशांवरच परततं आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी दुप्पट पाणी फिरवावं लागतं. काही करारांत यासाठी दंड असतो, तो आकडा सहीआधी वाचा.

आणि २०१९, २०२१चे पूर आठवा. जमिनीतल्या सीलबंद पाइपाला पाण्याचं भय नाही, पण हीट एक्स्चेंजरचे (प्लँटच्या पाण्याचा थंडावा इमारतीच्या पाण्याला देणाऱ्या यंत्राचे) पंप आणि पॅनेल तळघरात ठेवले तर बुडतील. वाढीव पाइपाचा खर्च सोसा, पण ती खोली पहिल्या मजल्यावर घ्या.