सगळ्यांनी पांढरं नको, आईच्या पैठणीपासून सुरुवात करा

आईवडिलांच्या लग्नाच्या ५० व्या वाढदिवसानिमित्त सकाळी बागेत सात जणांचा फोटो, आईची डाळिंबी काठाची हिरवी पैठणी ठरलेली, मग बाकी सहा जणांनी पांढरंशुभ्र घालावं का, असं विचारलंय. नको. उन्हात पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, बटणं सगळं उडून जातं, चेहऱ्याआधी कपडा दिसतो आणि सहा जण जेवण वाढायला आल्यासारखे वाटतात.

नक्षी एकट्या पैठणीवर राहू द्या, बाकीचे साधे. रंग तिच्यातूनच काढायचे, पण एक पायरी फिके: मोतिया, राखाडी, फिकट विटकरी, एखाद्यावर जरीला जवळचा मोहरी. दुसरा हिरवा कुणाच्याच अंगावर नको. पैठणी धूपछाँव असेल तर ताणा-बाणा वेगळ्या रंगांचा असतो, समोरून एक आणि बाजूने दुसराच रंग दिसतो. म्हणून जुळवाजुळव ट्यूबलाइटखाली करू नका, दिवसा खिडकीशी करा.

बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात लाटा मारतो, कारण त्या रेघा आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकतात. शर्ट हँगरला लावून तीन-चार मीटरवरून मोबाइलने फोटो काढा. इंद्रधनुषी पट्टे दिसले की तो शर्ट बाद. मुलांचे झगझगीत पोपटी-नारिंगी टीशर्टही नकोत, त्यांचा रंग शेजारच्याच्या हनुवटीवर चढतो. हिरवळही खालून हेच करते, शिवाय हिरवी पैठणी झाडीत विरून जाते. दगडी वाट किंवा जुनी भिंत शोधा, तीही सावलीतली. समोरून थेट फ्लॅश पडला तर जरीवर पांढरे ठिपके उमटतात.

आईचा पदर नुसता मागे सोडलात तर पदरावरचे मोर फोटोत येणारच नाहीत. पुढे घेऊन डाव्या हातावर पसरा आणि बाबांना तिच्या उजव्या बाजूला बसवा, म्हणजे पदर झाकला जात नाही. बसल्यावर कुडता पोटावर गोळा होतो, तो मागून खाली ओढून घ्यायचा. खिशात मोबाइल नको. घड्याळ आणि मनगटावरचं केसांचं रबर तासभर आधी काढा, वळ जायला वेळ लागतो. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर साध्या काचेचा जुना सोबत ठेवा. इस्त्रीचे कपडे गाडीत घालून बसू नका, हँगरवर नेऊन तिथेच बदला. (पैठणीला हे जमणार नाही, आईला पुढची सीट द्या.)

आदल्या दिवशी सातही जणांचे कपडे पलंगावर शेजारी शेजारी पसरून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. त्यात जो कपडा एकटाच पांढरा चमकतो, तो बदला. लहान मूल असेल तर त्याचा त्याच रंगातला दुसरा जोड पिशवीत टाका आणि खाऊ फोटो झाल्यावरच काढा.