वाचक विचारतात: फिलिपिनो लग्नातली दोरी, नाणी आणि गाणी

प्रश्न: माझा भाचा क्रूझवर किचनमध्ये आहे, त्याचा केबिनमेट फिलिपिनो, इलोइलोचा. डिसेंबरात त्याचं लग्न आणि भाच्याला त्यानं 'कॉर्ड स्पॉन्सर' व्हायला सांगितलंय. घरात सगळ्यांना वाटलं स्पॉन्सर म्हणजे खर्च उचलायचा. नक्की काय करायचं असतं? आम्ही हिंदू, चालतं का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: खर्चाची काळजी आधी सोडा. त्यांच्या लग्नात स्पॉन्सर दोन तऱ्हेचे असतात. मोठे ते निनोंग आणि निनांग, आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नातल्या पाद्रीन-माद्रीनसारखे, पण तिथं एकच जोडी नसते, बऱ्याचदा चार-सहा जोड्या, काका, मामी, नवऱ्याचा साहेब, गावातलं कुणी मानाचं माणूस. हे साक्षीदार तर असतातच पण पुढं संसारात काही अडलं तर जोडप्यानं त्यांच्याकडे जायचं अशी रीत आहे, म्हणून तो मान सहज कुणालाही देत नाहीत.

दुसरे तरुण स्पॉन्सर, जोडीजोडीनं. एक जोडी मेणबत्त्या पेटवते, दुसरी नवऱ्याच्या खांद्यावरून नवरीच्या डोक्यापर्यंत पातळ कापड पिनेनं लावते, आणि मग तुमच्या भाच्याची पाळी. रेशमाची, फुलांची किंवा मण्यांची दोरी, ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी करून एक वेढा नवऱ्यावर, एक नवरीवर. नंतर ती काढायचंही काम त्याच जोडीचं, त्यामुळे मध्येच फोटो काढायला बाहेर जाऊ नको म्हणावं! आपण शेला-शालूची गाठ मारतो ना, भाव तोच. त्याच विधीत नवरा नवरीच्या ओंजळीत 13 नाणी ओततो, जे काही मिळवीन ते तुझ्या हाती म्हणून. ही नाणी, दोरी स्पेनकडून आलेली, 1565 ते 1898 स्पॅनिश अंमल होता तिथं.

हिंदू असल्याचं म्हणाल तर ते त्या चर्चचे फादर ठरवतात, मित्राला आत्ताच विचारून घ्यायला सांगा, शेवटच्या आठवड्यात नको.

प्रश्न: मी म्हापशात व्हायोलिन शिकते. यूट्यूबवर फिलिपिनो लग्नं बघितली, सगळीकडे इंग्लिश गाणी नाहीतर पॉप. त्यांचं स्वतःचं काही उरलंय की नाही?
(एक वाचक)

उत्तर: उरलंय, आणि भरपूर. फक्त तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये शोधताय, आणि त्यांचं सगळ्यात सुंदर गाणं लग्न ठरायच्याही आधीचं आहे. पूर्वी मुलगा रात्री मित्रांना घेऊन गिटारसकट मुलीच्या खिडकीखाली जायचा आणि गायचा, याला हराना म्हणतात. खिडकी उघडली तर आशा आहे, कधी घरात बोलवायचे, कधी मुलगीही गाण्यातूनच उत्तर द्यायची. मग पुढची पायरी पामामानहिकान, मुलाचे आईवडील खायचे पदार्थ घेऊन मुलीच्या घरी जातात आणि रीतसर मागणी घालतात, हे आजही शहरातसुद्धा करतात.

आणि तुम्ही व्हायोलिन शिकता म्हणून मुद्दाम सांगते, कुंदिमान ऐका. तीनच्या ठेक्यातलं संथ प्रेमगीत, सुरुवात मायनरमध्ये, विनवणी, दुःख, आणि उत्तरार्धात तेच गाणं मेजरमध्ये उघडतं, ती जागा आली की अंगावर काटा येतो, मला तरी दर वेळी येतो. फ्रान्सिस्को सान्तियागो आणि निकानोर आबेलार्दो या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला मैफिलीचं रूप दिलं. परकी सत्ता डोक्यावर असताना कुंदिमानमधली प्रेयसी म्हणजे देश असंही लोक समजून घ्यायचे, म्हणजे प्रेमगीत गाता गाता जे बोलायची सोय नव्हती तेही गायलं जायचं. माईक वेलार्देचं 1938 चं 'दाहिल सा इयो' तर आजही जुन्या पिढीच्या लग्नात वाजतं.

आपला मांडो आठवा, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं कोंकणी प्रेमगीत. तोही एकोणिसाव्या शतकातला, संथ, विरहाचा, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्यावर, लग्नघरात गायलेला, मग शेवटी दुलपद हे जलद ठेक्याचं गाणं सुरू झालं की पाय थांबत नाहीत. युरोपातून वाद्यं आली, सूर आले, आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्यातून आपलं दुखणं आपल्या भाषेत मांडलं. शिक्षकांना सांगून एक मांडो आणि एक कुंदिमान पाठोपाठ बसवा, खरंच बसवा.

तारांची वाद्यं आवडत असतील तर रोन्दाल्या हा वाद्यवृंदही शोधा, बान्दुरिया, लाउद, ओक्ताविना, गिटार आणि खाली मोठा बास, सगळी छेडून वाजवायची. आणि सगळा देश ख्रिस्ती नाही हेही लक्षात असू दे. दक्षिणेला मिन्दानाओत मागिन्दानाओ मुसलमानांच्या लग्नात कुलिन्तांग वाजतं, ओळीत आडव्या मांडलेल्या आठ पितळी घंटा, बरोबर आगुंग म्हणजे टांगलेल्या मोठ्या घंटा आणि एक ढोल. गिटार यायच्या कितीतरी आधीपासूनचं हे.

राहिला पॉप बँड. फिलिपिनो वादक पिढ्यानपिढ्या आशियाभरच्या हॉटेलांत, क्लबांत, बोटींवर वाजवत आलेत, जसे आपले गोंयकार मुंबईच्या क्लबांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते. तेव्हा त्या इंग्लिश गाण्यांनाही परकं म्हणताना माझी जीभ अडखळते, इतकी ती त्यांनी वाजवून वाजवून आपली केलीयेत.

प्रश्न: नवरा-नवरीच्या कपड्यांवर नोटा टाचतात ते बघून कसंतरी वाटलं. हे भीक मागणं नाही का?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर: अजिबात नाही. नोट टाचली की त्या पाहुण्याला जोडप्याबरोबर थोडा वेळ नाचायचं असतं, म्हणजे प्रत्येकाला नवरा किंवा नवरी दोन मिनिटं स्वतःची मिळते, आणि जमलेले पैसे नव्या संसाराला. आपल्या आहेराच्या पाकिटात तेवढीही भेट होत नाही.

प्रश्न: (फोंड्याच्याच वाचकाकडून) भाच्यानं घालायचं काय? आणि त्याच्या मित्राच्या बहिणीचंही लग्न ठरतंय, पण ते पुढच्या वर्षीच करायचं म्हणतात, असं का?

उत्तर: सख्ख्या भावंडांनी एकाच वर्षात लग्न करू नये, नशीब दोघांत विभागलं जातं, त्याला ते सुकोब म्हणतात. आपल्याकडेही एका घरात सहा महिन्यांत दोन मंगलकार्यं नकोत म्हणणारे आहेतच की.

कपड्यांचं मित्राला विचारा, बहुतेक बारोंग तागालोग सांगतील, भरतकामाचा लांब पारदर्शक शर्ट. चांगला बारोंग अननसाच्या पानांच्या धाग्याचा असतो आणि हे विणकाम आक्लान प्रांतातलं नावाजलेलं, 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आक्लान आणि इलोइलो एकाच पानाय बेटावर आहेत म्हणजे विकत घ्यायचा तर तिथंच घ्या. आत पांढरा बनियन हवाच, आणि शर्ट पँटीत खोचायचा नाही.