मोबाईल ठाण्यात जमा आहे, पण कागद कुठे आहे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकरी आहे. चोरबीटी (सरकारी मान्यता नसलेले बीटी कापसाचे) बियाणे विकणाऱ्या एका इसमावर गुन्हा दाखल झाला व त्याच्या मोबाईलमध्ये माझा नंबर निघाला, म्हणून मला फोन करून ठाण्यात बोलावले. बयाण झाल्यावर माझा मोबाईल ठेवून घेतला आणि लॉक उघडण्याचा पॅटर्नही विचारून घेतला. कागद काहीच दिला नाही. आज बारा दिवस झाले. मोबाईलमध्ये पत्नीचे फोटो, बँकेचे व्यवहार आणि तिच्या बचत गटाचा हिशेब आहे. नव्या कायद्याने पोलिसांना सगळेच पाहता येते, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : तुम्हाला सांगितले ते अर्धेच खरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्काची साधने यांचा स्पष्ट उल्लेख आला आहे, जो १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ मध्ये नव्हता. त्यामुळे पोलीस मोबाईल मागू शकतात, हे आता नाकारता येणार नाही. मात्र तेच कलम असेही सांगते की, ठाणेदाराने ही मागणी लेखी आदेशानेच करावी, मग तो आदेश कागदावर असो की इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. ‘येताना मोबाईल घेऊन ये’ हे फोनवरचे वाक्य म्हणजे आदेश नव्हे. दुर्दैवाने आपल्याकडे अजूनही तेच वाक्य चालते.

मोबाईल ठेवून घेतला म्हणजे ती जप्ती झाली. याच नव्या संहितेच्या कलम १०६ नुसार जप्तीची खबर विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे, जप्त वस्तूंच्या यादीसह, दृकश्राव्य चित्रण करावे लागते. तेव्हा पहिले काम म्हणजे ठाणेदारांच्या नावे साधा अर्ज लिहा, त्यात मोबाईलच्या खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक नमूद करा, जप्ती पंचनाम्याची प्रत व मुद्देमाल पावती मागा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले की आरोपी म्हणून, हेही त्याच अर्जात विचारा. साक्षीदाराला कलम १७९ ची नोटीस येते, संशयिताला कलम ३५(३) ची. आणि १८९८ च्या संहितेतील, वस्तू हजर करायला सांगण्याच्या अशाच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये असे ठरवले आहे की, ती आरोपीला स्वतःविरुद्धची वस्तू हजर करायला लावण्यासाठी वापरता येत नाही.

पॅटर्न सांगण्याची सक्ती करता येते काय, यावर न्यायालयांचे एकमत नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड सांगणे ही स्वतःविरुद्धची साक्ष मानली नाही, तर २०२२ मध्ये दिल्लीच्या एका विशेष न्यायालयाने उलट मत दिले. तुम्ही पॅटर्न दिलेलाच असल्याने मी त्या वादात शिरत नाही. आता प्रश्न उरतो तो किती पाहायचे याचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू व प्रमाणबद्धता हवी, असे सांगितले. चोरबीटीच्या तपासाला पेरणीच्या दिवसांतील त्या विक्रेत्याशी झालेले तुमचे कॉल, संदेश आणि पैशांचे व्यवहार लागतील. पत्नीचे फोटो कशाला लागावेत?

म्हणून कलम ५०३ खाली तुमच्या हद्दीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मोबाईल सुपुर्दनाम्यावर (मागितल्यास पुन्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत मिळण्याचा अर्ज करा आणि त्यातच, तपासासाठी प्रत काढायची असल्यास ती फक्त वरील मजकुरापुरती असावी, अशी विनंती जोडा. मोबाईल फॉरेन्सिक प्रयोगशाळेत गेला असेल तर परत मिळायला वेळ लागेल, पण अर्ज नोंदीवर असणे महत्त्वाचे.

तोवर त्याच नंबरचे नवे सिम काढून घ्या, म्हणजे बँकेचे ओटीपी तुमच्या हाती येतील. ई-पीक पाहणी शेजाऱ्याच्या मोबाईलवरूनही करता येते. मात्र कोणाच्या तरी सल्ल्याने दुसऱ्या फोनवरून जीमेल उघडून जुन्या मोबाईलमधील माहिती पुसून टाकू नका. आज तुमच्याविरुद्ध बहुधा काहीच नाही, पण पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मात्र उभा राहील.

फोटो आणि गटाचा हिशेब पत्नीचा असल्याने त्यांनीही स्वतःच्या नावाने अर्जदार व्हावे, असे मी सुचवीन. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते.