क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी गेली का?

प्रश्न : गाईला हगवण लागली आहे, चाराही टाकते. रक्ताच्या तपासणीत युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले आले. किडनी निकामी झाली असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. युरिया आणि क्रिएटिनिन हे शरीरातले टाकाऊ पदार्थ, किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. हगवणीने अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते, आणि किडनी धडधाकट असूनही हे आकडे चढतात. खरा उलगडा होतो लघवीतून. निरोगी मूत्रपिंड अशा वेळी पाणी राखते आणि लघवी घट्ट करते. तिचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत ती किती घट्ट, याचे माप; पाणी म्हणजे १.०००) साधारण १.०२५ च्या वर जाते. रक्तातले आकडे चढलेले आणि लघवी मात्र १.००८ ते १.०१२ एवढीच पातळ, असे दिसले तर मूत्रपिंडाच्या बिघाडाचा संशय बळावतो.

पण दोन्ही नमुने सलाईन लावण्याआधी घेतलेले हवेत. सलाईननंतर लघवी पातळ येणारच, मग त्या आकड्याचा अर्थ लावायचा कसा? गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून जाणारा प्रकाश किती वळतो यावरून घट्टपणा सांगणारे उपकरण) मोजून घ्या. लघवीत बुडवून रंग पाहायच्या तपासणी-पट्टीवरचा गुरुत्वाचा रंग जनावरांसाठी भरवशाचा नाही.

गाई-म्हशींत युरियापेक्षा क्रिएटिनिन पाहावे. रवंथ करणाऱ्या जनावरात रक्तातला बराच युरिया लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत पोटात जातो, तिथले जीवाणू तो वापरतात. त्यामुळे किडनी बिघडूनही युरिया फारसा चढलेला दिसणार नाही. उलट पेंड जास्त झाली तर निरोगी गाईतही तो वाढतो.

अहवाल नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन सहसा वर जात नाही. लघवी घट्ट करण्याची ताकद त्याच्या थोडी आधी जाते, म्हणून लघवी तपासायचीच.

प्रश्न : लघवीचा नमुना कसा घ्यावा? पट्टीवर प्रथिने दिसली तर?

उत्तर : निरणाच्या (योनिमुखाच्या) खालची कातडी हळूहळू चोळली की गाय बहुधा लघवी करते. पहिली धार सोडून मधली स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. गाईची लघवी मुळातच अल्कधर्मी असते, त्यामुळे पट्टीवर प्रथिनांची खोटी खूण उमटू शकते. लघवी लाल असेल तर ती सेंट्रिफ्यूजमध्ये (नमुना वेगाने फिरवून जड कण तळाशी बसवणारे यंत्र) फिरवून बघायला सांगा. लाल थर तळाशी बसून वरचे पाणी स्वच्छ झाले तर मूत्रमार्गातून रक्त येते आहे. सगळी लालच राहिली तर गोचीडजन्य ताप किंवा स्फुरदाची कमतरता यांसारखी कारणे तपासावी लागतात.

आधी दिलेली इंजेक्शने डॉक्टरांना आठवणीने सांगा. जेंटामायसिन आणि काही वेदनाशामके पाणी कमी झालेल्या जनावराच्या मूत्रपिंडाला इजा करतात.

बैल किंवा बोकड कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर अहवालाची वाट पाहू नका. मुतखडा अडकून मूत्राशय फुटू शकते. डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.