पाकिटावर लेबल, हात मात्र दिसत नाही

प्रश्न : २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या जिवाणूची पावडर भरलेली पाकिटं पाठवली गेली. कुणी इराककडे बोट दाखवतं, कुणी अल कायदाकडे, कुणी अमेरिकेच्याच लष्करी प्रयोगशाळेकडे. तुम्ही इतकी वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंत. खरा गुन्हेगार कोण असेल?

उत्तर : नाव घेणार नाही. का, ते सांगते.

इराकची गोष्ट आधी संपवू. पाकिटातल्या पावडरीत बेंटोनाइट नावाची माती आहे, म्हणजे ती इराकचीच, अशी बातमी तेव्हा जोरात चालली. तपासणीत बेंटोनाइट सापडलंच नाही. बीजाणू, म्हणजे जिवाणूंची सुप्त, टिकाऊ रूपं, निघाले ‘एम्स’ स्ट्रेनचे, म्हणजे त्या उपप्रकाराचे, आणि तो अमेरिकेतल्या संशोधकांच्या रोजच्या वापरातला. पुढे जनुकीय खुणा जुळवत एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था, फोर्ट डेट्रिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेतल्या ‘आरएमआर-१०२९’ या फ्लास्कपर्यंत पोचली. तो फ्लास्क सांभाळत होते तिथलेच शास्त्रज्ञ ब्रूस आयव्हिन्स. आरोपपत्र दाखल होण्याआधीच, जुलै २००८मध्ये, त्यांनी आत्महत्या केली. एफबीआयने त्यांना एकमेव गुन्हेगार ठरवून २०१०मध्ये फाइल बंद केली.

पण त्या फ्लास्कमधल्या कल्चरपर्यंत, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंपर्यंत, शंभराहून अधिक जणांचा हात पोचत होता. प्रॅक्टिकलला मी मुलांना प्रत्येक टेस्टट्यूबवर स्ट्रेन, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं लिहायला लावायची. कल्चर कुठलं, हे ट्यूब सांगते. रात्री ती कुणी उचलली, हे सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही २०११मध्ये हेच म्हटलं : केवळ विज्ञानाच्या आधारावर ठाम निष्कर्ष काढता येत नाही. आयव्हिन्सविरुद्ध परिस्थितीजन्य पुरावा बराच होता, हे मी मान्य करते. पण तो कोर्टात तपासलाच गेला नाही.

आणि अंदाजाने काय होतं, ते आधी संशयित ठरलेले शास्त्रज्ञ स्टीव्हन हॅटफिल यांना विचारा. २००२मध्ये खुद्द अॅटर्नी जनरलनी टीव्हीवर त्यांचं नाव घेतलं. नोकरी गेली, वर्षानुवर्षं पाळत राहिली. २००८मध्ये सरकारने लाखो डॉलर भरपाई दिली आणि त्यांचा या गुन्ह्याशी संबंध नसल्याचं कळवलं. सहा वर्षं गेली ती गेलीच.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सिनेटर डॅशल यांना आलेल्या पाकिटावर, पाठवणाऱ्याच्या जागी, मुलाने गिरवावीत तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : चौथी इयत्ता, ग्रीनडेल स्कूल. अशी शाळाच नव्हती. १५ ऑक्टोबरला ते त्यांच्या कार्यालयात उघडलं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब औषधं मिळाली. पण तेच पाकीट आधी वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेलं होतं. बंद पाकिटातून काही बाहेर पडत नाही, असं धरून तिथलं काम चालूच ठेवलं. सॉर्टिंग मशीनच्या दाबाने कागदाच्या छिद्रांतून बीजाणू हवेत उडत होते. केंद्र बंद केलं २१ तारखेला. त्या दिवशी तिथला एक कामगार अँथ्रॅक्सने गेला, दुसऱ्या दिवशी आणखी एक.

गुन्हेगार कोण यावर इतकी पानं लिहिली गेली. त्या सहा दिवसांबद्दल मला फार कमी जण विचारतात.