भारतातून गेलेला इंजिनिअर अमेरिकेत युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झालाय का कधी?

हो, झालाय की. सुब्रा सुरेश. जन्म 1956 चा, मुंबईतला. आयआयटी मद्रासमधून 1977 ला मेकॅनिकल करून अमेरिकेला गेले, आयोवा स्टेटला मास्टर्स, मग 1981 मध्ये एमआयटीची डॉक्टरेट. पुढे ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकवलं आणि 1993 ला एमआयटीत परत आले, तिथे 2007 पासून इंजिनिअरिंगचे डीन.

मला भारी वाटतं ते त्यांचं रिसर्च. मूळ विषय मटेरियल्सचा, म्हणजे धातूवर पुन्हापुन्हा ताण आला की त्याला तडा कसा जातो वगैरे, आणि तेच डोकं त्यांनी नंतर रक्ताच्या पेशींना लावलं, कारण मलेरिया झाला की लाल पेशी कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून नीट सरकत नाहीत, तर हा कडकपणा मोजायचा कसा यावर काम केलं. (मेडिकलचे डॉक्टर नसताना हं!)

2010 ला ओबामांच्या काळात एनएसएफचे (नॅशनल सायन्स फाउंडेशन, रिसर्चला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था) डायरेक्टर, 2011 ला आपली पद्मश्री, 2013 ला अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट. तिथून 2017 ला बाहेर पडले आणि 2018 पासून सिंगापूरच्या एनटीयूचे (नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) प्रेसिडेंट, 2022 पर्यंत.

फक्त एक, थेट इंजिनिअर ते प्रेसिडेंट अशी उडी नसते, मधे प्रोफेसरकी आणि डीनगिरीची बरीच वर्षं जातात.