अमेरिका-कॅनडातले मूळ रहिवासी आणि मिशनरी यांच्यात एवढा संघर्ष का झाला? दोघांच्या श्रद्धा शेजारी-शेजारी नांदू शकल्या नसत्या का?

नांदल्या असत्या, आणि तशी तयारी एका बाजूने तरी नक्की होती. १८०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलो क्रीकला एक मिशनरी धर्म शिकवायला आला, तेव्हा सेनेका या मूळ जमातीचा पुढारी रेड जॅकेट त्याला शांतपणे म्हणाला की धर्म एकच खरा असेल आणि तुम्हा सगळ्यांना ते पुस्तक, म्हणजे बायबल, वाचता येतंय तर तुमच्यात तुमच्यातच एवढे मतभेद का, आम्हाला तुमचा धर्म मोडायचा नाही, फक्त आमचा आम्हाला पाळू द्या. वर हेही सांगितलं की शेजारच्या गोऱ्यांना तुम्ही उपदेश करताय, त्यांचं आम्हाला फसवणं कमी होतंय का ते आधी बघतो. निघताना सेनेका मंडळी हात मिळवायला पुढे आली तर मिशनऱ्याने हातच दिला नाही, देवाचा धर्म आणि सैतानाची कामं यांचा मेळ बसत नाही असं सांगून.

माझ्या मते सगळं इथेच आहे, कारण मूळ लोकांना येशूला आपल्या देवांशेजारी जागा द्यायला काही अडचण नव्हती, पण मिशनऱ्यांना पूर्ण जागाच हवी होती. लाकोटा या मूळ जमातीचा वैद्य ब्लॅक एल्क १९०४ मध्ये कॅथलिक झाला, पुढे स्वतः ख्रिस्ती धर्म शिकवायचा, आणि तरी म्हातारपणी लाकोटा विधी सगळे नीट सांगून ठेवले त्याने.

नुसता वादविवाद असता तरी चाललं असतं हो, पण मागे कायदा उभा राहिला ना. अमेरिकेत १८८३ च्या नियमांनी सूर्यनृत्य, म्हणजे मूळ लोकांचा एक धार्मिक विधी, गुन्हा ठरलं, शिक्षा काय तर रेशन बंद किंवा कैद. कॅनडात मिशनऱ्यांच्याच आग्रहाने पॉटलॅचवर बंदी आली, १८८५ पासून थेट १९५१ पर्यंत. पॉटलॅच म्हणजे लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी यजमानाने सगळ्या पाहुण्यांना भरभरून वाटायचं, आणि याला ते उधळपट्टी म्हणायचे! १९२१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिलेज आयलंडला असा एक मोठा सोहळा झाला तर लोकांना अटक झाली, मुखवटे जप्त करून म्युझियमला दिले. आणि कॅनडात चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत मूळ लोकांची दीड लाखांच्या आसपास मुलं घातली, तिथे आपली भाषा बोलली तरी मार.

सगळे मिशनरी तसे नव्हते, सॅम्युअल वूस्टर तर चेरोकी या मूळ जमातीच्या बाजूने उभा राहून १८३१ मध्ये जॉर्जियात तुरुंगात गेला. पण असे थोडे. शाळांबद्दल पोपनी २०२२ मध्ये कॅनडात येऊन माफी मागितली ते चांगलंच झालं, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पॉटलॅच करणाऱ्या मूळ लोकांनी स्वतः केलेलं काम, वर्षानुवर्षं मागे लागून त्यांनी मुखवटे परत मिळवले आणि त्यांच्यासाठी १९८० मध्ये अलर्ट बेला स्वतःचं केंद्र उघडलं.